कवळी, ब्रिज की इम्प्लांट: दात बसवण्यापूर्वी काय पाहावे

दाढ काढून झालेली असते, कापसाचा बोळा अजून दाताखाली दाबलेला असतो आणि तशा बोबड्या उच्चारांतच रुग्ण विचारतो, ‘आता फिक्स बसतील ना?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो क्रमाने पहिला नाही. पक्के दात म्हणजे उत्तम आणि काढते-घालते म्हणजे म्हाताऱ्यांचे, अशी विभागणी मनात धरून खुर्चीत बसले की रिकाम्या जागेच्या शेजारचे दात किती भक्कम आहेत, हिरडीखाली हाड किती उरले आहे आणि बसवलेले दात रोज रात्री कोण साफ करणार आहे, हे पाहायचे राहून जाते. निवड खरी ठरते ती यांवर.

त्याहीआधी, दात बसवणे गरजेचे आहे का, हे विचारावे. अक्कलदाढ गेली तर बसवावी लागत नाही. सर्वांत मागची दाढ गेलेली असली, तरी उरलेल्या दातांनी चावणे नीट होत असेल तर पुष्कळदा थांबता येते. पुढचा दात किंवा मधली दाढ यांचे तसे नाही. ती जागा वर्षानुवर्षे मोकळी राहिली की शेजारचे दात तिच्याकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात रिकाम्या जागेत उतरू लागतो आणि मग नव्या दाताला जागाच पुरत नाही. फार घाईही नको. दात काढल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाड आणि हिरडी झपाट्याने आक्रसतात, त्यामुळे लगेच घेतलेल्या मापावरची कवळी लवकरच सैल होते. मधल्या काळासाठी मिळणारे तात्पुरते दात तात्पुरतेच समजावेत.

काढत्या दातांत अॅक्रिलिक या प्लास्टिकची गुलाबी पट्टी सर्वांत स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असते, पण ती जाड असते व तिचा बहुतेक भार हिरडीवर येतो. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची पट्टी पातळ असून चावण्याचा काही भार शिल्लक दातांवर टाकते. तोंडात बरेच दात उरलेले असतील तर मला तीच बरी वाटते. लवचीक कवळीच्या तारा दिसत नाहीत, म्हणून ती लोकप्रिय आहे, मात्र पुढे आणखी एखादा दात पडला की तिच्यात भर घालणे अवघड जाते.

सगळेच दात गेले असतील तर वरची आणि खालची कवळी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे समजून चालावे. वरची टाळू झाकते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी अरुंद. तिला धरायला जागा थोडी आणि जीभ तिला सतत उचलत असते. माझ्या वडिलांची खालची कवळी सहा महिने सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेली असे आणि लग्नकार्यात फोटोपुरती बाहेर येई. भाकरी ते कालवून खात, मिसळ फरसाण भिजून लगदा झाल्यावर. ज्या दवाखान्यात ती केली तिथे ‘सवय होईल’ एवढेच सांगितले गेले. खालच्या हाडाची कड जवळजवळ सपाट झाली आहे, हे माप घेतानाच दिसत असूनही कोणी बोलले नाही. म्हणून माप देण्यापूर्वी ‘माझी कड किती उंच उरली आहे?’ असे सरळ विचारावे.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून त्यांच्या आधाराने मधल्या जागेत बसवलेला पक्का दात. तो काही थोड्या भेटींत होतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, पण त्यासाठी शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करावे लागतात आणि घासलेले आवरण पुन्हा येत नाही. त्या दातांचे आधीच रूट कॅनाल झालेले असेल किंवा त्यांना कॅप घालायचीच असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा मार्ग आहे. पंचविशीतल्या माणसाचे दोन निरोगी दात एका दातासाठी घासण्यापूर्वी मात्र दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. पायरियाने हलणाऱ्या दातांवर ब्रिज टाकणे म्हणजे कुजलेल्या खांबांवर तुळई ठेवणे होय.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला, बहुधा टायटॅनियमचा स्क्रू. हाड या धातूशी घट्ट जुळते हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. हे जुळणे सावकाश होते: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्याचे हाड मऊ असल्याने तिथे त्याहून अधिक. शेजारचे दात अस्पर्शित राहतात, हा याचा मोठा लाभ. मधुमेह आटोक्यात असेल तर तो आड येत नाही, मात्र अलीकडचा एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, अहवाल सोबत न्यावा. तंबाखूमुळे जखम भरणे लांबते. घरातल्या ज्या वडीलधाऱ्या बायका मिश्री लावतात त्या तिला बहुधा तंबाखूत धरत नाहीत, म्हणून मिश्रीचा उल्लेख डॉक्टरांपाशी मुद्दाम करावा. सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासे झाले असेल तर माप घेण्याचा साचासुद्धा आत जात नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली औषधे आणि पूर्वी घेतलेली किरणोपचार चिकित्सा, या दोन्ही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

सगळे खालचे दात गेलेल्यांना एक मधला मार्ग असतो, जो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी, काढता येणारी कवळी. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञांनी पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे एकमताने सुचवले. वडिलांची खिशातली कवळी अखेर अशाच रीतीने तोंडात स्थिरावली.

नाशिकमध्ये खाजगी दवाखान्यांखेरीज पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात फेऱ्या अधिक होतात, पण खर्च साधारणतः कमी येतो आणि काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होते. कुठेही गेलात तरी खर्चाचा अंदाज बाबवार लिहून मागावा: एक्स-रे किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), स्क्रू, त्यावर कॅप धरणारा जोड आणि कॅप. ‘इम्प्लांट इतक्याला’ या आकड्यात कित्येकदा कॅप धरलेली नसते. स्क्रूची कंपनी व मापे नोंदवलेले कार्ड जपून ठेवावे, कारण दहा वर्षांनी जोड सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरांना तेच लागते.

पूर्ण कवळी करताना मेणावर दात रचून तोंडात बसवून दाखवतात. बदल सहज होण्याची ही शेवटची वेळ असते, म्हणून घरातले कोणी आणि एखादा जुना फोटो सोबत न्यावा. आरशात पाहून झाल्यावर एकसष्ट ते एकोणसत्तर मोठ्याने मोजावे; मराठीत इतके ‘स’ आणि ‘ष्ट’ लागोपाठ दुसरीकडे मिळणार नाहीत, आणि शीळ वाजत असेल तर ती तिथेच कळते.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात मुळीच नव्हे, कारण तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले असावे. ओल्या हातातून निसटून फरशीवर आपटली की ती तुटते. पेरूच्या बिया कवळीखाली शिरल्या तर हिरडी सोलवटते, म्हणून पेरू बिया काढून खावा. ब्रिजच्या खाली ब्रशचे केस पोहोचत नाहीत. तिथे दातांमधला बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो आणि हात थरथरत असतील तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला करता येईल का, हे ब्रिज ठरवण्याआधीच घरात बोलून घ्यावे. आणि रामकुंडावर बुडी मारायची असेल, तर सैल कवळी आधी काढून डबीत ठेवावी.