ढगाखाली आल्यावर फ्लॅपची घाई नको

सेसना 172 सारखे छोटे विमान उपकरणांच्या आधारे 90 नॉट (ताशी सुमारे 167 किलोमीटर) वेगाने उतरत असताना 200 फुटांवर ढगातून बाहेर आले, तर चाके टेकायला जेमतेम 25 सेकंद उरलेली असतात. धावपट्टी दिसताच पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पट्टे) सोडण्याचा आणि नाक खाली दाबण्याचा मोह नेमका याच वेळी होतो. पूर्ण फ्लॅपने विमान आधी वर उचलले जाते आणि नाक दाबल्याने ते 3 अंशांच्या उतारमार्गाखाली घसरते. म्हणून 10 अंश फ्लॅप आधीच ठेवावेत, दिवे दिसल्यावरही उपकरणांकडे एखादी नजर टाकत तोच उतार धरावा आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) हळूहळू कमी करत धावपट्टीच्या टोकापर्यंत वेग 70 नॉटच्या आसपास आणावा.

नाशिकजवळच्या ओझरसारखी सुमारे 3 किलोमीटरची धावपट्टी समोर असेल, तर पूर्ण फ्लॅपवाचून काही अडत नाही. अडचण असते ती रुंदीची. अरुंद पट्टीवर सराव केलेल्या वैमानिकाला रुंद धावपट्टीवर आपण आहोत त्याहून खाली आल्यासारखे वाटते, तो नाक लवकर उचलतो आणि विमान आदळते. पावसाळ्यात द्राक्षबागांवरून येताना नजर पट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवावी. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने हवा विरळ असते आणि वेगमापकाच्या काट्यावर वेग तोच दिसला, तरी जमीन थोडी अधिक वेगाने सरकते. तेवढ्यासाठी वेग आणखी घटवू नये. काट्यावरचाच प्रमाण मानावा.