जुना खेळ नव्या संगणकावर बसत नसेल तर

कपाटातून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सीडी निघते, ती आपण मोठ्या उत्साहाने संगणकात घालतो, आणि इन्स्टॉलर एक तर उघडतच नाही किंवा अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी सीडी खराब झाली असे समजून ती टाकून देण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा खेळ जसाच्या तसा शाबूत असतो. तो ज्या प्रणालीच्या आधारावर लिहिला गेला, ती प्रणाली मात्र नव्या संगणकात उरलेली नसते. म्हणून उपाय शोधण्याआधी खेळ कोणत्या काळातला आहे आणि नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो आहे, एवढे निश्चित करावे. खोक्यावर छापलेल्या आवश्यकता आणि सीडीतील फायलींच्या तारखा पाहिल्या की काळाचा अंदाज येतोच. इन्स्टॉलर चालत नाही, इन्स्टॉल होऊनही खेळ सुरू होत नाही आणि सुरू होऊन चित्र किंवा आवाज बिघडतो, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीच्या काळातील खेळ त्या मानाने सर्वांत सोपे. नव्वदच्या दशकात संगणक क्लासमध्ये ज्यांनी डेंजरस डेव्ह किंवा प्रिन्स ऑफ पर्शिया खेळला असेल, त्यांना डॉसबॉक्स हा विनामूल्य इम्युलेटर (जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) पुरेसा आहे आणि तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. खेळासाठी एक वेगळा फोल्डर करावा आणि त्याचे नाव इंग्रजी आठ अक्षरांपेक्षा मोठे ठेवू नये, कारण डॉसला त्याहून लांब नावे समजत नाहीत. माउंट या आज्ञेने तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडावा, सीडी असल्यास ती डी म्हणून जोडावी आणि मूळ इन्स्टॉलर तेथूनच चालवावा. ध्वनीची निवड विचारली गेल्यास साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड निवडून पत्ता २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ असे आकडे द्यावेत. डॉसबॉक्सची मूळ मांडणी हीच असल्याने आवाजाच्या बहुतेक तक्रारी येथेच मिटतात. खेळ फार वेगाने पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी करता येतो, एफ१२ ने वाढवता येतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही खेळ ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात. वेगवान प्रोसेसरवर वेळ मोजण्याच्या गणितात भागाकार चुकत असल्याने हे घडते, त्यामुळे वेग उतरवणे हाच त्यावरचा उपाय होय. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या डॉस आवृत्तीत पहिल्या पातळीनंतर पुस्तिकेतील अक्षर ओळखून योग्य कुपी प्यावी लागते. पुस्तिका हरवली असेल तर इन्स्टॉलेशन निर्दोष असूनही खेळ तेथेच संपतो, म्हणून पुस्तिकेचे स्कॅन फायलींसोबतच जपावे.

खरी डोकेदुखी विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातील खेळांची असते. त्यातील अनेक खेळ स्वतः ३२ बिटचे असतात, पण त्यांचा इन्स्टॉलर मात्र १६ बिटचा, म्हणजे त्याहून जुन्या पद्धतीचा, असतो आणि ६४ बिटची विंडोज १६ बिटचा प्रोग्राम मुळीच चालवत नाही. हे अॅप या संगणकावर चालू शकत नाही अशा अर्थाचा संदेश आला की पहिला संशय यावरच घ्यावा. कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखे वागण्याची सोय) बदलून येथे काहीही साधत नाही, आणि लोकांचे तासन्‌तास नेमके त्यातच वाया जातात याचे वाईट वाटते. फायली सीडीवर उघड्या ठेवलेल्या असतील तर तो फोल्डर सरळ हार्ड डिस्कवर उतरवून खेळाची मुख्य फाइल चालवून पाहावी. ते न जमल्यास विनईव्हीडीएम हे साधन १६ बिटचा इन्स्टॉलर ६४ बिटच्या विंडोजवर चालवू शकते. लिनक्सवर वाइन हे विंडोजचे प्रोग्राम चालवणारे साधन हेच काम करते, आणि म्हणून काही जुने विंडोज खेळ आज विंडोजपेक्षा लिनक्सवर सहज बसतात.

इन्स्टॉल करताना प्रोग्राम फाइल्स हा फोल्डर टाळून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर द्यावा. जुने खेळ आपली प्रगती स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात, आणि विंडोज व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्समध्ये असे लिहिण्यावर बंधन आले. त्यामुळे जतन केलेले खेळ दुसऱ्याच ठिकाणी जातात किंवा जतनच होत नाहीत.

इन्स्टॉलेशन पूर्ण होऊनही दोनदा क्लिक केल्यावर काहीच घडत नसेल, तर सीडीची कॉपी रोखणारी व्यवस्था हे कारण असू शकते. २००० च्या आसपासच्या अनेक खेळांत सेफडिस्क ही अशी व्यवस्था वापरली जाई. त्याचा ड्राइव्हर २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून वगळण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सुरक्षा अपडेटने आधीच्या विंडोजमध्येही तो बंद केला. तो ड्राइव्हर कोठून तरी आणून पुन्हा बसवण्याचा सल्ला कृपया मानू नये, कारण तो प्रणालीच्या गाभ्यात चालतो आणि त्यातील दोष घुसखोरीला वाट देतो. प्रकाशकाने सीडीची अट काढणारा अधिकृत पॅच (दुरुस्तीची फाइल) दिला असेल तर तो घ्यावा, नाहीतर जीओजीसारख्या दुकानातून त्या खेळाची संरक्षणमुक्त आवृत्ती विकत घ्यावी. नावाने डी३डीएक्स९ पासून सुरू होणारी फाइल सापडत नाही असे सांगितले गेल्यास मायक्रोसॉफ्टचे जून २०१० चे डायरेक्टएक्स पॅकेज बसवावे. नवी विंडोज असली तरी त्या फायली तिच्यात आपोआप येत नाहीत. डायरेक्टप्ले (नेटवर्कवर खेळण्यासाठीचा विंडोजचा जुना घटक) मागितले गेल्यास ते विंडोज फीचर्सच्या यादीतील लेगसी कंपोनंट्समध्ये सुरू करता येते.

चित्राचे रंग विस्कटणे हा तिसरा प्रकार. एज ऑफ एम्पायर्ससारखे खेळ एका वेळी २५६ रंगांची तक्ती वापरत, आणि त्या तक्तीत दुसऱ्या प्रोग्रामने ढवळाढवळ केली की गवत आणि पाणी भलत्याच रंगात दिसू लागते. सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू २ यांच्या फायली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यास जुन्या चित्र-आज्ञांचे नव्या आज्ञांत रूपांतर होते आणि रंग पूर्ववत होतात.

मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, त्यामुळे जुन्या मॅक आवृत्तीमागे न लागता त्याच खेळाची डॉस आवृत्ती डॉसबॉक्समध्ये चालवणे बरे. ज्या खेळांचे इंजिन (खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम) नव्याने लिहिले गेले आहे त्यांच्या बाबतीत तर इन्स्टॉलरची गरजच उरत नाही. १९९३ च्या डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, म्हणून आपल्या सीडीवरील एकच वॅड फाइल (खेळाची चित्रे, आवाज आणि पातळ्या असलेली) चॉकलेट डूम किंवा जीझेडडूम या नव्या इंजिनांना दिली की तिन्ही प्रणालींवर खेळ सुरू होतो. माउसने खेळायच्या जुन्या साहसकथांसाठी स्कमव्हीएम असेच काम करते.

खेळ एकदा चालला की तो फोल्डर सेटिंगच्या फायलींसह दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावा आणि सीडीची प्रतिमाही, म्हणजे संपूर्ण सीडीची फाइलरूपी नक्कलही, त्याच दिवशी काढावी. मात्र ती आयएसओऐवजी बिन आणि क्यू या जोडीत घ्यावी. कित्येक खेळांचे संगीत सीडीवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असते, आणि आयएसओमध्ये ते ट्रॅक येत नाहीत.