धंदा वाढतोय? ब्रँडचं एक पान आधी लिहून काढा

घरून मसाले, लोणची किंवा फराळ विकणाऱ्यांना सुरुवातीला ब्रँडची चिंता नसते. लेबल स्वतःच चिकटवायचं, व्हॉट्सॲपवर उत्तर स्वतःच द्यायचं, प्रदर्शनात स्टॉलवर स्वतःच बसायचं. सगळं एकाच हातून जातं, म्हणून एकसारखंही राहतं. गडबड होते ती दुसरा हात आल्यावर. पुतण्या इन्स्टाग्राम बघायला लागतो, लेबलं दुसऱ्या छापखान्यात जातात, कोथरूडचं दुकान माल ठेवतं आणि फ्लेक्स आपल्या मनाने करून घेतं. वर्षभरात एकाच धंद्याचे चार चेहरे होतात. त्यातल्या दोन चेहऱ्यांवरचं नाव चष्मा लावूनही वाचता येत नाही.

यावर उपाय साधा आहे. निर्णय एकदाच घ्यायचे आणि एका पानावर लिहून ठेवायचे. मोठ्या कंपन्या यालाच ब्रँड गाइडलाइन म्हणतात आणि शंभर पानांची पुस्तकं काढतात. तुम्हाला एक पान पुरेल.

आधी पसारा मांडा

तुमच्या नावाने बाहेर गेलेली प्रत्येक गोष्ट एका टेबलावर ठेवा: पाकीट, बरणीचं लेबल, पिशवी, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड. पाटीचा फोटो, व्हॉट्सॲप बिझनेसचं प्रोफाइल, गूगल मॅप्सवरची नोंद आणि यूपीआय स्कॅन केल्यावर दिसणारं नाव यांचे स्क्रीनशॉटही काढा. यूपीआयचं नाव बहुतेकजण विसरतात. गिऱ्हाईक पैसे भरताना स्क्रीनवर भलतंच नाव बघतं आणि ‘हेच ना?’ म्हणून फोन करतं.

मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बोलवा आणि प्रत्येक वस्तू हातभर अंतरावरून वाचायला सांगा. जिथे अडखळतील तिथे खूण करा. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही सल्लागारापेक्षा खरी.

माल एक, मग नाव एक

लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड लाटत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पा म्हणून ओळखले जाणारे त्यांचे मार्गदर्शक त्यांना म्हणाले की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. पुढे हजारो बायका आपापल्या घरी पापड लाटू लागल्या, तरी चव हलली नाही, कारण पीठ केंद्रावरच मळून मिळतं आणि लाटलेले पापड तपासून घेतले जातात. काम वाटून दिलं, प्रमाण वाटून दिलं नाही. ‘लिज्जत’ हे नावसुद्धा नंतर, १९६२ साली आलं.

म्हणून पानावरची पहिली ओळ मालाची: कुठल्या मिरचीचं किती प्रमाण, मीठ किती, पाकिटात वजन किती. कृती गुप्त ठेवायची असेल तर ती वेगळ्या वहीत लिहा, पण लिहाच.

नंतर नाव. ते देवनागरीत कसं आणि इंग्रजीत कसं, हे एकदाच ठरवा. ‘मसाले’च्या शेवटी एक ई की दोन, जोडून की तोडून, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण नाव टाइप करून शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यामुळेच तुम्ही सापडत नाही.

नाव ठरलं की ट्रेडमार्कच्या (म्हणजे नाव-चिन्हाच्या नोंदणीच्या) सरकारी संकेतस्थळावर ते आधीच कोणी घेतलंय का, शोधून बघा. शोध विनामूल्य आहे. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत: मसाले ३० व्या वर्गात येतात आणि लोणची २९ व्या, म्हणजे दोन्ही विकत असाल तर फी दोनदा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. ‘शुद्ध’, ‘चविष्ट’ असे नुसते वर्णनाचे शब्द नोंदवायला गेलात तर हरकत येणार हे धरून चाला. चिन्ह (लोगो) नोंदवताना ते काळ्या-पांढऱ्यात दिलं तर कायद्याने सगळ्या रंगांना संरक्षण मिळतं, उद्या रंग बदलला तरी पंचाईत होत नाही. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावायला हरकत नाही. वर्तुळातला आर (®) मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय छापू नका, त्याला कायद्याने दंड आहे.

रंग आणि अक्षर: इथे घाई नको

दोन रंग घ्या, फार तर तीन. प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवा: स्क्रीनसाठी हेक्स कोड (रंगाचा सांकेतिक आकडा), छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचं प्रमाण). ‘आपला केशरी’ एवढं सांगून भागत नाही, प्रत्येक छापखान्याचा केशरी वेगळा असतो.

रंग सुंदर आहे का याच्याआधी तो वाचू देतो का ते बघा. वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याचं माप आहे. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. कॉन्ट्रास्ट चेकर नावाची साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, दोन रंगांचे आकडे टाकले की उत्तर येतं. माप स्क्रीनसाठी असलं तरी लेबलाचा अंदाज यायला ते पुरेसं आहे.

आता आपल्या आवडत्या जोड्या बघू. पांढऱ्यावर केशरी अक्षरं, जी मसाल्यांच्या बऱ्याच पाकिटांवर असतात, जेमतेम २ च्या आसपास जातात. पिवळ्या पाटीवर भडक लाल अक्षरं, आपल्या बाजारपेठांची जुनी जोडी, ३.७ च्या आसपास: पाटीवर चालेल, लेबलावरच्या घटकांच्या यादीत नाही. तोच लाल मरूनपर्यंत गडद करा, आकडा १० च्या घरात जातो. हळदीचा पिवळा आणि मरून, दिसायलाही छान. केशरी सोडवतच नसेल तर त्यावर पांढरं न लिहिता काळं लिहा.

नुसत्या रंगाने काही सांगू नका. कमी तिखटाला हिरवं झाकण आणि जास्त तिखटाला लाल, ही युक्ती लाल-हिरवा ओळखू न येणाऱ्यांना उपयोगाची नाही. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या अशी चित्रं काढा आणि शब्दही लिहा. खाद्यपदार्थांवरची सरकारी खूण आठवा. शाकाहारासाठी हिरवा ठिपका राहिला, पण मांसाहाराची खूण ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण झाली, म्हणजे रंग कळला नाही तरी आकार कळतो.

अक्षराचं म्हणाल तर नाव हवं तेवढं नक्षीदार काढा, बाकी मजकूर साध्या फॉन्टात. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे विनामूल्य आहेत आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे आहेत. देवनागरी बारीक केली की अनुस्वार, रफार आणि उकार आधी बुजतात, म्हणून लेबलावर अक्षर रोमनपेक्षा थोडं मोठं ठेवा आणि ओळींत अंतर जास्त सोडा. प्रूफ आलं की ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हुडकून काढा. जुन्या फॉन्टात ‘कोऱ्या’ची ‘कोर्या’ होते आणि पाच हजार लेबलं छापून झाल्यावर ते दिसतं.

छापखान्यात जाताना

डिझायनरकडून फक्त जेपीजी घेऊन परत येऊ नका. मूळ सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे दुसऱ्याकडे फॉन्ट नसला तरी न बिघडणारी) पीडीएफ आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी मागा, पैसे देण्याआधी मागा. तिन्ही एका गूगल ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवा. फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला तर पाटी धूसरच येणार. पाठवायचीच असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोनवर आणि दुकानात

दिवाळीच्या फराळाचे दर आपण एका रंगीत चित्रात घालतो आणि पाठवून देतो. दृष्टिहीन गिऱ्हाइकाच्या फोनवरचा टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) ते दर नीट वाचून दाखवेल याचा भरवसा नाही, त्याच्या लेखी ते नुसतं ‘चित्र’. चित्राखाली तेच दर मजकुरात लिहा. त्याचा फायदा इतरांनाही होतो, कारण मजकूर शोधता येतो आणि पुढे चिकटवताही येतो. व्हिडिओ टाकत असाल तर खाली मराठी शब्द द्या. बसमध्ये आवाज बंद ठेवून बघणारेच जास्त असतात.

उत्तरं कोण देतं आणि कसं, तेही पानावर घ्या. गिऱ्हाइकाला ‘तुम्ही’च म्हणायचं की ताई-दादा, ऑर्डर उशिरा जाणार असेल तर काय लिहायचं, अशी चार-पाच वाक्यं तयार ठेवली की पुतण्याचा सूर आणि तुमचा सूर वेगळा वाटत नाही.

महाराष्ट्रात दुकान असेल तर पाटीवर देवनागरी मराठी हवीच, आणि ती इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू आहे. दारात पायरी असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार करा, त्याचा हिशेब सोपा: १ ला १२. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. तेवढी जागा बहुतेक गाळ्यांसमोर नसते, हे खरं. मग बाहेरून हाताला येईल अशी घंटा आणि तिच्या शेजारी ठळक अक्षरांत फोन नंबर तरी लावा, म्हणजे माल बाहेर आणून देता येईल.

बदल कुठल्या क्रमाने

पान तयार झालं की सगळं एकाच आठवड्यात बदलायचा मोह होतो. तो आवरा, पैसे वाया जातात. आधी फुकटातलं करा: प्रोफाइल फोटो, गूगलवरची नोंद, यूपीआयचं नाव, तयार उत्तरं. मग लेबलं, पण जुना साठा संपत आला की. एका मालाचं लेबल पूर्ण बदलून झाल्यावर दुसऱ्याचं घ्या. शेल्फवर एकाच लोणच्याच्या दोन चेहऱ्यांच्या बरण्या शेजारी दिसल्या तर गिऱ्हाइकाला एक नकली वाटते. पाटी सगळ्यात शेवटी, कारण तिला सगळ्यात जास्त खर्च येतो आणि एकदा लावली की काही वर्षं हलत नाही. पानाची एक प्रत दुकानात माल ठेवणाऱ्यांना, एक छापखान्याला द्या आणि खाली तारीख घाला, नाहीतर मागच्या वर्षीचं पान बघून कोणीतरी पिशव्या छापून आणेल.