कोकमतेलावर अल्ट्रासाऊंड वापरताय? या चुका टाळा

टाचेच्या भेगांना लावायला कोकमतेलाचा मुठीएवढा गोळा कोकणात घरोघरी असतो. त्यात रवा धरला म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण तेच तेल चॉकलेट किंवा मिठाईवाल्याला विकायला गेलात की पहिला प्रश्न पोताचा येतो. बाजार आहे: युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज जी सहा वनस्पती-स्निग्धं ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकम आहे. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान प्रक्रियादारांनी अल्ट्रासाऊंडने तेलाचा पोत गुळगुळीत करायचं हे तंत्र समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मात्र यंत्र आणलं की पोत सुधारला, असं होत नाही.

काम कसं चालतं ते थोडक्यात. पातळ तेलात प्रोब, म्हणजे यंत्राची धातूची कांडी, बुडवतात. तिच्यातून निघणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या आसपासच्या जोरदार ध्वनिलहरींनी (हाच अल्ट्रासाऊंड) तेलात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. तेल गोठायच्या बेतात असेल तर त्या धक्क्याने एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक धरायला लागतात. स्फटिक जास्त म्हणजे प्रत्येक लहान, आणि लहान म्हणजे जिभेला रवा लागत नाही. घट्टपणा वाढतो, तेल सुटणं कमी होतं. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठात सिल्वाना मार्टिनी यांनी दुधातल्या स्निग्धापासून पाम कर्नेल तेलापर्यंत यावर बरंच काम केलं आहे.

गरम तेलात प्रोब घालणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कोकमतेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं. ते ६० अंशांवर असताना कितीही आवाज द्या, स्फटिक धरणार नाही. तेल तापेल, वास बिघडेल, एवढंच. आधी तेल ७० अंशांपर्यंत नेऊन थोडा वेळ तिथे ठेवा, म्हणजे जुने स्फटिक पूर्ण विरघळतील. मग वॉटर बाथमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात, तापमान सावकाश, ढवळत उतरवा. थर्मामीटर तेलात हवा. बाथचं पाणी आणि बीकरच्या मधलं तेल यांत चांगलाच फरक असतो.

नेमकी वेळ डोळ्यांनी ओळखता येते. बीकरच्या मागे छापील कागद धरा. अक्षरं स्वच्छ दिसताहेत तोवर थांबा. ती किंचित धुरकट झाली, म्हणजे पहिले स्फटिक आले. प्रोब तेव्हाच चालू करायचा. कागद दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिलीत तर मोठा रवा आधीच धरलेला असतो.

याच्या उलट घाई म्हणजे तेल थेट बर्फात ठेवणं. फार थंड केलं की स्फटिक आपसूकच भराभर धरतात आणि अल्ट्रासाऊंडला करण्यासारखं फारसं उरत नाही. वितळण्याच्या बिंदूपासून थोडंच खाली असताना त्याचा खरा उपयोग दिसतो.

जास्त वेळ म्हणजे जास्त फायदा, हा समज

इथे हिशोब सेकंदांचा आहे. सुरुवातीला प्रोब १० सेकंदांपेक्षा कमी वेळच चालवा. जपानी संशोधकांनी २००१ साली कोको बटरवर दाखवलं की ३ सेकंदांत चॉकलेटला हवा तो पाचवा स्फटिकप्रकार मिळाला. वेळ वाढवल्यावर नको असलेला प्रकारही मिसळला. शिवाय प्रोबची सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते, आणि नुकते आलेले स्फटिक परत वितळतात. तापमान दोन-तीन अंशांनी चढलेलं दिसलं तर वेळ कमी करा.

धातूसारखा किंवा खवट वास आला, तर तेलाचं ऑक्सिडेशन झालंय. तो घाणा खाण्यात मिसळू नका. प्रोबचं टोकही तपासा: टायटॅनियम झिजून खड्डे पडतात आणि कण तेलात उतरतात. टोक पृष्ठभागालगत धरलं तर हवा ओढून फेस येतो, बुडाला टेकवलं तर काच तडकते.

दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र स्वस्त मिळतं म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. त्याची ताकद प्रोबच्या मानाने फार विरळ पसरते.

तेलातलं पाणी

बिया कुटून, पाण्यात उकळून, वरचा थर काढायच्या आपल्या पद्धतीत ओलावा राहतोच. तो कढवून काढा आणि तेल कापडातून गाळा. बियांचा बारीक चुरा उरला तर स्फटिक त्याच्यावरच धरतात, आणि प्रत्येक घाण्याचा निकाल वेगळा येतो.

खोबरेलावर हा प्रयोग करणाऱ्यांनी मे महिना टाळावा, नाहीतर थंड खोली तरी बघावी. ते २४ अंशांच्या आसपास वितळतं. ३२ अंशांच्या खोलीत कुठलाही आवाज त्याला गोठवणार नाही. आणि साजूक तुपाला हात लावू नका. रवाळपणा हाच त्याचा गुण आहे, तो अल्ट्रासाऊंडने मोडतो.

पावसाळ्यात लाइट गेली की बाथचं तापमान सरकतं. तो घाणा परत ७० अंशांपासून सुरू करावा.

पोताची पारख लगेच करू नये. भांडं एका तापमानाला दोन दिवस ठेवा, मग सुरी घालून बघा. आणि माल पाठवताना डबा उन्हात वितळू देऊ नका. एकदा पातळ झालेलं तेल पुढे सावकाश गोठताना पुन्हा रवाच धरतं.