पार्क काउंटीचे लाकडी पूल बघायला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात इंडियानापोलिसहून यूएस ३६ हा महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की सव्वा-दीड तासात रॉकव्हिल येतं. पार्क काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) हे मुख्य गाव. शेतांनी भरलेल्या या एका काउंटीत छप्पर असलेले ३१ लाकडी पूल आहेत. ते नीट बघायचे असतील, तर आमच्या हातून झालेल्या चुका तुम्ही करू नका.

पहिली चूक, जत्रेतल्या शनिवारी जाणं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून दहा दिवस इथे पुलांचा उत्सव भरतो, अगदी १९५७ पासून. आम्ही नेमके त्या शनिवारी पोचलो. दिवसभर रांगेत गाडी पुढे सरकवत राहिलो आणि दोनच पूल बघून परतलो. खरेदी आणि खाणंपिणं हवं असेल तर उत्सवात जरूर जा. पुलांसाठी जाणार असाल तर मधला वार निवडा.

दुसरी चूक, ३१ च्या ३१ उरकायला निघणं. रंगांची नावं दिलेले पाच मार्ग आखलेले आहेत. त्यातला एक धरा, चार-पाच पूल सावकाश बघा. शिकागोहून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नये.

फोनवरच्या नकाशावर सगळा भार टाकू नका. आडरस्त्याला रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. प्रत्येक पुलावर गाडी जात नाही. ब्रिजटन आणि वेस्ट युनियन पायीच बघायचे. जिथे जाते तिथेही तोंडावरची उंचीची आणि वजनाची पाटी वाचूनच आत शिरा. टपावर सायकली बांधल्या असतील तर ही पाटी दोनदा वाचा. समोरून कुणी आत आलं असेल तर थांबा, कारण दोन गाड्या मावत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक मात्र तोंडाशी फोटो काढून मागे फिरणं. पुलाचं खरं काम आत आहे. आत जा, डोळे अंधाराला सरावू द्या. दोन्ही बाजूंना या काठापासून त्या काठापर्यंत गेलेल्या लाकडी कमानी दिसतील. उभ्या खांबांना दोन्ही अंगांनी कवेत घेऊन त्या जातात. याला बर पद्धतीची कमान म्हणतात. शुगर क्रीकवरचा जॅक्सन पूल जे. जे. डॅनियल्स यांनी १८६१ मध्ये बांधला. मधे एकही खांब न देता त्यांनी दोनशे फुटांहून जास्त अंतर पार केलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं ते याच वर्षी.

छप्पर बर्फासाठी किंवा घोड्यांच्या सोयीसाठी आहे, असं सर्रास सांगितलं जातं. मुलांना तरी तसं सांगू नका. ते आहे या कमानींसाठी. लाकूड सतत भिजून वाळत राहिलं की सांध्यात पाणी मुरतं आणि तिथूनच ते कुजतं. आपल्याकडे साकवाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. उघडा पूल वीसेक वर्षांत खंगतो. छप्पर आणि बाजूच्या फळ्या शाबूत असतील तर तोच दीडशे वर्षं टिकतो. फळ्या बदलता येतात, कमान बदलणं फार अवघड. म्हणून एखादी फळी सुटलेली दिसली आणि तिथून आत पाणी गळत असेल, तर रॉकव्हिलला परतल्यावर पर्यटक केंद्रात आवर्जून सांगा.

आणि आग. दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड आहे हे. ब्रिजटनचा १८६८ चा पूल २८ एप्रिल २००५ रोजी कुणीतरी पेटवून दिला आणि तो गेला. गावानं २००६ मध्ये त्याच जागी नवा लाकडी पूल उभा केला. २००२ मध्ये जळालेला जेफ्रीज फोर्डचा पूल मात्र परत उभा राहिला नाही. तेव्हा पुलाच्या आसपास सिगारेट नको, फुलबाज्या नकोत, खांबांवर नावं कोरणं तर नकोच. पुलाचं नाव तोंडावरच रंगवलेलं असतं. उतरल्याबरोबर ते आणि रस्त्याचा नंबर टिपून ठेवा. कुठे धूर दिसलाच, तर ९११ या आणीबाणीच्या नंबरवर नेमकं ठिकाण सांगता येईल.