कुकीतल्या सशाचे कान शाबूत ठेवायचे असतील तर

प्राण्यांच्या आकाराच्या कुकीज कापताना सुरेख दिसतात आणि ओव्हनमध्ये गेल्यावर पसरून सशाचा बटाटा होतो. कारण बहुतेक वेळा दोनच असतात: पिठात बेकिंग पावडर आणि मऊ पडलेलं लोणी. आकाराच्या कुकीजमध्ये बेकिंग पावडर घालूच नका. मैदा, लोणी आणि पिठीसाखर वजनाने ३:२:१ घेतली की पुरे. दाणेदार साखरेने कुकी जास्त पसरते, म्हणून पिठीसाखरच.

पीठ दोन बटरपेपरमध्ये ५ मिलिमीटर जाड लाटा, तसंच सपाट फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा आणि मग साचा दाबा. कापलेले आकार ट्रेवर मांडून पुन्हा १५ मिनिटं थंड करा. कंटाळा येतो, पण हीच पायरी खरी कामाची. लोणी कडक असलं की ते वितळायच्या आत कडा धरतात. १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं पुरतात. शेपट्या आणि कान आधी करपतात, त्यामुळे बारीक अवयवांचे प्राणी वेगळ्या ट्रेवर भाजलेले बरे.

साचा नसेल तर वाटीने गोल कापा आणि कानांना दोन छोट्या गोळ्या चिकटवा, अस्वल तयार.

डोळे मात्र कुकी पूर्ण गार झाल्यावरच, वितळलेल्या चॉकलेटमध्ये टूथपिक बुडवून काढा. ते चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली आणि एकमेकांपासून लांब ठेवा. पिल्लांचं कपाळ मोठं असतं, त्यामुळे चेहरा लगेच गोंडस दिसतो. वर आणि जवळजवळ काढलेत, तर मांजर रागावलेलं दिसेल. मुलांना तेही आवडतं म्हणा!