फियाट पद्मिनी: इंजिनाआधी पत्रा

प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. तिचं १०८९ सीसी इंजिन कितीही झिजलं तरी पुन्हा उभं राहतं. गाडी खरी मरते ती गंजाने. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. आपल्याकडची काळी माती चाकाच्या कमानीत आणि दाराखालच्या पोकळ सिलमध्ये जाऊन बसते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग मात्र चकाचक! म्हणून गाडी घेताना सिलवर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

सिल कापण्याआधी दार काढून चौकटीत आडवा-तिरपा अँगल वेल्ड करा आणि गाडी चारही बाजूंनी सपाट टेकवा. हे टाळलं की बॉडी मधून बसते आणि नंतर दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू घ्या. नवा पत्रा साधारण १ मिमीचा, त्याच्या काठाला दर २५-३० मिमीवर ६ मिमीची भोकं पाडून ती मिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने तार वितळवून) भरा. पूर्ण टाका मारण्याआधी दार लावून फट तपासा. गॅस वेल्डिंग नको, पत्रा लहरतो. शेवटी आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, पण खालची पाणी निघायची भोकं बुजवू नका. अख्खं शेल, म्हणजे बॉडीचा पूर्ण सांगाडा, बदलायचा मोह मात्र टाळा. चासी नंबर बॉडीवरच असतो, तो कापला की आरटीओत गाडी संपली.

इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा). बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिलात तर क्षार साचून इंजिन तापतं आणि मे महिन्यात हेड वाकणारच. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. हेड उतरलं की सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, आणि फेस करताना, म्हणजे तळ घासून सपाट करताना, कमीत कमी कापायला सांगा. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा. सिलिंडर बोअर करायचा, म्हणजे आतून कापून मोठा करायचा असेल तर आधी पिस्टन हातात घ्या आणि तो मोजूनच बोअर करा. उलट केलं की मापाचा पिस्टन शोधत फिरावं लागतं.

इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायाफ्रॅम (आतला पडदा) आणि होस इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्या. जुनं रबर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगतं, मग पंप दाब धरत नाही. उन्हात पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते, तेव्हा पंपावर ओलं फडकं ठेवलं की बहुधा काम भागतं.

किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक भागातल्या लेथवर ब्राँझचे करून मिळतात. वरचा आणि खालचा एकाच रेषेत रीम करून (भोक तासून मापाचं करून) घ्या, नाहीतर स्टीअरिंग जड होतं. लेथवाल्याला जुना बुश नमुन्याला द्या, पण परत मागून घ्या. पुढच्या वेळी माप तिथूनच मिळेल.